वाळूची हवा

पौषातल्या एका संध्याकाळी नरपडच्या वाडीत हिरकणी चिकू पिकत घालायची खोली रिकामी करत होती. पेट्या तिनं ओट्यावर मांडल्या, पेंढ्याच्या पेंड्या भिंतीकडे लोटल्या, खोली झाडून घेतली. मग पडवीत उभी असलेली पांढरी विजेची मोटार आरसे मिटून, इंचाइंचानं मागे घेत त्या खोलीत घातली. बॉनेटवर जुनी गोधडी टाकली. बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते हे तिला मुलाकडून कळलं होतं, म्हणून खाली पेंढा पसरायला घेतला.

ओट्यावर बसून सुपारी कातरणारे गोविंदराव तिचे यजमान. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"विजेच्या वस्तूखाली पेंढा? वाडी जाळायचीय का?"

"थंडी लागते तिला."

"मग हळद घालून दूध दे."

"देईन. प्यायली तर."

गोविंदराव उठले, पेंढा पायानं बाहेर ढकलला आणि पुन्हा सुपारी कातरायला बसले. गोधडी मात्र त्यांनी राहू दिली.

चिकूच्या वाडीत जन्म काढलेल्या बाईला हे सुचावं यात नवल नव्हतं. थंडीचे दिवस आले की झाडावरून उतरवलेला चिकू दगडासारखा बसून राहतो, पिकायचं नाव घेत नाही. त्याला बंद खोलीत, पेंढ्यात ऊब दिली की वळणावर येतो. गाडीचंही तसंच असणार असं हिरकणीनं धरलं होतं, कारण डिसेंबरपासून घरातला आणि गावातला प्रत्येक माणूस तिला एकच सांगत होता. थंडीनं बॅटरी गारठते.

गाडी तिचा मुलगा जतीन याची. त्यानं ती जुन्यात घेतली होती. पुढे पुण्याला नोकरी लागली. तिथल्या बिल्डिंगीत गाडीला प्लग लावायला सोसायटी परवानगी देईना, तेव्हा तो ती नरपडला आणून सोडून गेला. जाण्याआधी समुद्राच्या ओल्या कडक वाळूवर त्यानं आईला गाडी शिकवली. तिथे धडकायला काही नव्हतं. एक कुत्रं तेवढं होतं, ते पहिल्याच दिवशी शहाणं झालं. गोविंदरावांना वाटलं होतं, हौस आहे, फिटेल. हिरकणीनं परवाना काढला, नंतर भाडं वाहायचा कागदही केला आणि दिवाळीच्या बऱ्याच आधीपासून ती बायकांना घेऊन उधव्याला जायला लागली.

उधवा तलासरी तालुक्यात, गुजरातच्या हद्दीला टेकलेलं. डहाणूहून रानशेत, चारोटी, मग हायवेनं तलासरी आणि आत. योगिता डहाणूत राहायची आणि उधव्याजवळच्या शाळेत शिकवायची. पूर्वी ती तीन गाड्या बदलत जायची आणि पोचेपर्यंत प्रार्थना संपलेली असायची. घरी दीड वर्षाचं मूल आणि घड्याळाकडे बघत बसणारी सासू. दुसरी पुतळी, आशागडची, तिकडच्या आश्रमशाळेत स्वयंपाकाला. वयानं सगळ्यांत मोठी, गुडघे दुखतात म्हणून पुढची सीट तिची, आणि जीभ तर कायमच पुढच्या सीटवर. तिसरी संगीता, रानशेतच्या पाड्यावर राहणारी, उधव्याच्या दवाखान्यात नर्स. तिघींना पोचवून हिरकणी दिवसभर उधव्याच्या नाक्यावर चिकू आणि चिकूच्या सुकवलेल्या फोडी विकत बसायची आणि संध्याकाळी तिघींना घेऊन परत यायची. गाडी तिथे प्लगला लावायचा प्रयत्न तिनं एकदा केला होता. सगळ्या आळीचे दिवे गेले, तेव्हा तो नाद सोडला. रात्री घरी चार्ज करायचं आणि तेवढ्यावर जाऊन यायचं.

दिवाळीपर्यंत ते आरामात जमत होतं. घरी आल्यावरही गाडीत एवढी बॅटरी उरायची की हिरकणी वळसा घालून बाजारातून भाजी आणायची.

लग्न होऊन या घरात आल्यापासून बोर्डीला माहेरी जायचं तरी तिला आधी विचारावं लागायचं. कुणी नाही म्हणायचं नाही, पण विचारावं लागायचं. आता ती सकाळी "जाते" म्हणायची आणि जायची. उधव्याच्या नाक्यावर तिला गोविंदरावांची बायको म्हणून कुणी ओळखत नव्हतं. तिथे ती चिकूवाली ताई होती. हे तिनं कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. बोलण्यासारखं त्यात काय आहे, असंच कुणी म्हटलं असतं.

दिवाळीनंतर उधव्याच्या पलीकडे एका दगडावर गाडीचा एक टायर चिरला. गोविंदरावांनी तेव्हा प्रथमच गाडीत लक्ष घातलं. ते स्वतः वापीला गेले आणि चार नवे टायर घालून आणले. जाड, रुंद, मोठ्या खाचांचे, जीपला शोभतील असे. गावात ज्यानं विचारलं त्याला आणि ज्यानं विचारलं नाही त्यालाही त्यांनी सांगितलं, "आता दगड काय, डोंगर आला तरी जाईल."

आणि मग थंडी आली.

पहिल्यांदा भाजीबाजार सुटला. मग घरी पोचेपर्यंत बॅटरीचा आकडा लाल व्हायला लागला. हिरकणीनं हवा गरम करायचं बटण बंद केलं. पहाटे चौघी शाली गुंडाळून, काचा वर करून बसायच्या. पुतळी म्हणाली, "माझ्या झोपडीत यापेक्षा जास्त ऊब हाय. तिथे निदान चूल तरी हाय." शेवटी एका संध्याकाळी चारोटीच्या अलीकडे गाडी बैलगाडीच्या चालीनं चालायला लागली. जवळच्या धाब्यापाशी चार्जर होता, तो नेमका बंद. मागून जीवनची डिझेलची जीप आली. जीवन उधव्याहून सवाऱ्या आणायचा. त्यानं तिघींना घेतलं आणि जाताना खिडकीतून म्हणाला, "काकी, मी तुमची माणसं पळवत नाय. उभी दिसली म्हणून घेतो."

"पळवलीस तरी पुतळीला पळवू नको," हिरकणी म्हणाली. "परत आणून सोडशील."

ती हसली खरी. मग त्या धाब्यात साध्या प्लगवर गाडी लावून, चहाच्या ग्लासाभोवती हात धरून, रात्र चढेपर्यंत एकटी बसली.

दुसऱ्या दिवशी योगितानं विषय काढला. पोर रडून रडून झोपलं होतं आणि सासूनं ताट झाकून ठेवलं होतं, एवढंच ती म्हणाली. त्या झाकलेल्या ताटाचा अर्थ गाडीतल्या सगळ्या बायकांना कळला.

"काकी, मला तुमच्याच गाडीतून यायचंय," ती म्हणाली. "पण असं पुन्हा झालं तर मला नाही जमायचं. आम्ही तिघी बोललो. संक्रांतीपर्यंत बघू. नाहीतर किंक्रांत झाली की जीवनच्या जीपनं जातो."

पुतळी खिडकीबाहेर बघत बसली. ती गप्प बसली यावरूनच हिरकणीला कळलं की ठरलंय.

त्याच आठवड्यात जतीनचा फोन आला. "आई, थंडीत बॅटरी थोडी कमी देतेच. सगळ्याच गाड्यांचं तसं असतं. पण तू सांगतेस तेवढी? तेही आपल्याकडच्या थंडीत? मला वाटतं बॅटरीच गेली. वापीचा एक माणूस गाडी विचारतोय. संक्रांत झाली की बघायला येईल."

फोन स्पीकरवर होता. गोविंदराव म्हणाले, "देऊन टाका. नसता घोर."

"घोर कुणाला आहे?" हिरकणीनं विचारलं.

"मलाच आहे," असं ते म्हणाले नाहीत. त्यांनी चिकूची पेटी उचलली आणि ते बाहेर गेले.

तर अशा रीतीनं गाडी चिकूच्या खोलीत आली होती. आणि गंमत म्हणजे थोडा फरक पडला. हिरकणीनं आणखीही एक केलं. संध्याकाळी आल्या आल्या प्लग लावायचा आणि पहाटेपर्यंत गाडी थंड होऊ द्यायची, हे सोडलं. उशिरा लावायचा, म्हणजे निघायच्या जरा आधी चार्ज पुरा होतो आणि बॅटरी कोमट असते. पोळी तव्यावरून थेट ताटात, तसं. त्यानं काही किलोमीटर पदरात पडले. तरी रानशेतच्या पुढे आकडा लाल होतच होता. गाडी घरापर्यंत यायची, पण अंगणात शिरताना हिरकणीच्या मानेला घाम असायचा. असं किती दिवस चालणार होतं?

संक्रांतीच्या आधीचा शनिवार. अर्धा दिवस असल्यामुळे तिघी भर दुपारी निघाल्या. संगीताला रानशेतला वाघोबापाशी उतरायचं होतं. तिथे रस्ता दोन्ही बाजूंनी उतरतो आणि तळाशी, दोन आंब्यांच्या मधोमध, शेंदूर लावलेला वाघोबा आहे. सकाळी संगीता तिथेच उभी असायची. सुरुवातीच्या दिवसांत हिरकणीला एक खेळ सापडला होता. चढ संपला, ताडाचं झाड आलं की ती पाय उचलायची. गाडी आपली आपण उतारावरून यायची आणि थेट वाघोबापुढे येऊन थांबायची. परत येताना पलीकडच्या मोरीपासूनही तसंच. "वाघोबा ओढून घेतो," असं संगीता म्हणायची. हल्ली गाडी, कुठूनही आली तरी, अलीकडच्या आंब्याखालीच थबकायची आणि हिरकणीला पुन्हा पाय द्यावा लागायचा. वाघोबा रागावला असं पुतळीचं मत. संगीताचा नारळही ठेवून झाला होता.

"ताई, आज सोडा ना पाय," संगीता म्हणाली. "बघू बोलावतो का."

मोरी आली. हिरकणीनं पाय उचलला. चौघी पुढे वाकल्या. गाडी उतरली, हळू झाली, आणि आंब्याच्या सावलीच्या कडेला थांबली.

"नारळानं भागत नाय त्याचं," पुतळी म्हणाली. "कोंबडा पाहिजे."

हिरकणी दार उघडून खाली उतरली. पायातली चप्पल सीटखाली राहिली होती, आणि अनवाणी पाय डांबरावर टेकताच तिनं चटकन उचलला. रस्ता तापलेला होता. जानेवारी असला तरी दुपार ती दुपार. ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत तशीच उभी राहिली.

"संगीता, ऊन लागतंय का गं?"

"लागतंय की. डोक्यावर पदर घ्या."

"मग थंडी कुठंय?"

तिघी तिच्याकडे बघायला लागल्या.

"सकाळी गारठ्यात गाडी पलीकडच्या आंब्याखाली थांबते. आत्ता उन्हातही तेवढीच अलीकडे थांबते. आणि पाय तर मी उचललेला. आत्ता बॅटरीनं करायचंच काय होतं? उतार पूर्वीचाच, गाडी तीच. तिला धरून कोण ठेवतंय?"

तिनं चपला घातल्या आणि ती गाडीभोवती फिरली. तिला आपल्या पोळपाटाची आठवण झाली. कणीक सैल झाली की पोळी पोळपाटाला चिकटते, लाटणं सरकत नाही, आणि दंड भरून येतात. मग तिनं खाली बसून टायरच्या बाजूला तळहात लावला आणि काढून घेतला. टायर रस्त्यापेक्षा जास्त तापला होता. खालच्या बाजूला तो फुगून बसला होता, जेवून बसलेल्या माणसाच्या पोटासारखा.

"पुतळीताई, कोंबडा राहू दे," ती म्हणाली. "वाघोबाची काही तक्रार नाही."

आशागडच्या नाक्यावर प्रविणचं पंक्चर काढायचं दुकान होतं. त्यानं हवेचं मीटर लावलं, बघितलं, दुसऱ्या चाकाला लावलं, आणि मग हिरकणीकडे बघितलं.

"काकी, समुद्रावर गेलावता का?"

"मी? दिवाळीपासून समुद्र पाहिला नाही."

"मग ही वाळूची हवा कुणी ठेवली?"

तो सांगायला लागला त्यात हिरकणीला काही नवीन नव्हतं, फक्त ते तिनं गाडीशी जोडलं नव्हतं. किनाऱ्यावरच्या सगळ्या वाडीवाल्यांची ही जुनी रीत. सुक्या मासळीचं खत आणायला जीप वाळूवर उतरवायची तर आधी चाकांतली हवा सोडायची. टायर मऊ होतो, पसरतो, वाळूत रुतत नाही. गोविंदरावांचं तर अर्धं आयुष्य वाळूवर जीप घालण्यात गेलेलं.

"वाळूत बरी," प्रविण म्हणाला. "पण डांबरावर अशी हवा म्हणजे ओल्या गोधड्या ओढत चालायचं. थंडीत हवा आणखी बसते, ते वेगळं. आणि त्यात हे टायर! काकी, नऊवारीवर गमबूट घातलेत तुम्ही."

पुतळी तोपर्यंत उतरून घरी निघाली होती, ती हे ऐकायला परत आली आणि पोट धरून हसली.

हवा भरून झाल्यावर हिरकणी गाडीपाशी थबकली. "योगिता, तुला सोडते घरी. मी मग परत वाघोबापर्यंत जाऊन येते."

योगितानं मागे टेकून पदर सारखा केला. "मीही येते. आज शनिवारी शाळा लवकर सुटते हे सासूबाईंच्या अजून लक्षात आलेलं नाही."

दोघी परत गेल्या. ताडापाशी हिरकणीनं पाय उचलला. गाडी उतरली, आंब्याच्या सावलीत आली, सावलीतून बाहेर पडली, आणि थांबली. वाघोबा अजून चार ढांगा पुढे होता.

"जवळ आली," योगिता म्हणाली.

"हवेचं झालं," हिरकणी म्हणाली. "उरलंय ते गमबुटांचं."

ती म्हणाली हसत, पण घरी येताना तिचं हसू गेलं. टायर बदलायला हवेत हे कळणं सोपं होतं. टायर गोविंदरावांनी निवडलेले होते. अख्ख्या गावाला सांगून झालेले होते. या घरात त्यांनी आणलेलं काही चुकीचं निघालं तर ते तसंच वापरायचं, अशी पद्धत होती. न शिजवणारा कुकर तिनं पाच वर्षं वापरला होता.

गोविंदराव मागच्या दारी पंपाचा पट्टा चढवत होते. तिनं चहा नेला. त्यांनी बशीत ओतून प्यायला.

"अहो, गाडीची हवा तुम्ही सोडलीत?"

ते पट्ट्याकडेच बघत राहिले. "दर रविवारी बघतो मी. वाढली असली की सोडतो."

"का?"

"का म्हणजे? कंबर दुखते म्हणालीस ना."

हिरकणी आठवायला लागली. दिवाळीत, चकल्या पाडताना, ती एकदा म्हणाली होती. पाटावरून उठताना. कुणाला उद्देशून नव्हे, असंच. ते तेव्हा दारात खिळा ठोकत होते.

"मऊ हवेवर गचके कमी बसतात," ते म्हणाले. "वाळूवर बघ, जीप कशी पाळण्यासारखी जाते."

"आणि टायर?"

"त्या उधव्याच्या बाजूला दगड आहेत. तू एकटी असतेस. फुटला तर काय करणार?"

"एकटी कुठं? पुतळी असते."

"तोच तर दुसरा घोर."

ती हसली. तिला जरा बसावंसं वाटलं, म्हणून ती पंपाच्या कट्ट्यावर बसली. इतकी वर्षं या माणसानं "तुझं काय दुखतं" असं तिला विचारलं नव्हतं. विचारलं नाहीच. दर रविवारी ती देवळात गेली की उठून, मीटर घेऊन, चार चाकांतली हवा मात्र काढत राहिला. आता ती चिडणार तरी कशावर होती?

तिनं सगळं सांगितलं. मोरी, उतार, ऊन, तापलेला टायर, आंब्याची सावली. पोळपाटाचंही सांगितलं, कारण तिला ते आवडलं होतं. गोविंदराव ऐकत गेले तसा त्यांचा चेहरा लांब होत गेला. जीप वाळूतून डांबरावर आणली की ते स्वतःच पुन्हा हवा भरत. नाहीतर डिझेल पाण्यासारखं जायचं. हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

"विजेच्या गाडीला ते लागू असेल असं वाटलंच नाही," ते शेवटी म्हणाले. "तिला कुठं डिझेल आहे, म्हटलं."

"ओझं तर ओढावंच लागतं ना. माणसानं ओढलं काय, बैलानं ओढलं काय."

"पण टायर आत्ता घातले आणि आत्ता काढले तर लोक काय म्हणतील?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं आणि त्यासाठी तिनं आशागडपासून तयारी केली होती.

"काढायचे नाहीत. ठेवायचे. पावसाळ्यात त्या पाड्यांवर चिखल असतो, तेव्हा हेच लागतील. पावसाळ्याचे वेगळे, उन्हाळ्या-हिवाळ्याचे वेगळे. सांगा लोकांना. आपण छत्री बारा महिने डोक्यावर धरतो का?"

गोविंदरावांनी बशी खाली ठेवली. म्हणाले, "पावसाळी टायर."

"पावसाळी टायर," हिरकणी म्हणाली.

मग प्रश्न उरला, जुने कुठं आहेत. गोविंदराव काही टाकत नसत, पण मोकळंही ठेवत नसत. दोन टायर पाण्याच्या पिंपांखाली गेले होते. तिसरा जांभळीला टांगून कामाला येणाऱ्या बायकांच्या पोरांसाठी झोका झाला होता. चौथा, चिरलेला, त्यात हिरकणीनंच पुदिना लावला होता. त्याच्या जागी स्टेपनी होती, मूळचीच, कधी न वापरलेली. रविवारचा दिवस त्यात गेला. गोविंदरावांनी बादलीबादलीनं पिंपं रिकामी केली, टायर ओढून काढले, पिंपं विटांवर बसवून पुन्हा भरली. झोक्याच्या दोराला त्यांनी फळी बांधून दिली. पोरांचं म्हणणं पडलं की टायरच बरा होता. बारीक, गुळगुळीत, चिखलानं माखलेले ते टायर पंपाच्या पाण्याखाली धुताना ते एकदाच म्हणाले, "एवढासा टायर. यावर कसा भरवसा ठेवायचा?"

दुपारी प्रविण येऊन टायर चढवून गेला. दुसऱ्या दिवशी संक्रांत, तिघींना सुट्टी. तिळगूळ देता-घेता गोविंदरावांनी शेजाऱ्यांना सांगितलं, "पावसाळी टायर काढून ठेवले. हवामानाप्रमाणे बदलावे लागतात." शेजाऱ्यांनी मान डोलावली.

किंक्रांतीच्या पहाटे त्या हिवाळ्यातली सगळ्यांत जास्त थंडी पडली. चिकूच्या पानांवरून दव टपटपत होतं. हिरकणी चिकूच्या खोलीत प्लग काढत होती, तर गोविंदराव मफलर गुंडाळून, पायात बूट घालून दारात उभे.

"किंक्रांतीला नवीन काही करू नये म्हणतात," ते म्हणाले.

"टायर जुनेच आहेत."

"मी पण येतो."

"कुठं?"

"उधव्याला. बघतो तो रस्ता."

आशागडला पुतळीनं पुढचं दार उघडलं आणि मागे नजर टाकली. योगितानं कडेला सरकून जागा केली होती, आणि मध्ये गोविंदराव गुडघे जवळ घेऊन बसले होते.

"गाडी हलकी केलीस म्हणे," पुतळी बसता बसता म्हणाली. "आणि गोणी भरलीस."

"नमस्कार, पुतळीबाई," गोणी म्हणाली.

योगितानं तोंड फिरवून पदर तोंडाला लावला. ती आज शेवटचं येत होती की नाही, हे त्या दिवसावर होतं. जीवनला तिनं उद्याचं सांगून ठेवलं होतं. हिरकणीला ते माहीत होतं.

चढ संपला. धुक्यात ताडाचं झाड दिसलं. हिरकणीनं पाय उचलला.

"अगं, काय करतेस?" गोविंदराव मागून म्हणाले.

"गप्प बसा हो," तिघी एकदम म्हणाल्या.

गाडी उतारावर सुटली. आवाज नाही, फक्त चाकांखालची बारीक सरसर. आंबा आला. हिरकणीचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. गाडी हळू झाली, पण रेंगाळली नाही. आंब्याखालून गेली, सावली मागे टाकली आणि चालत्या माणसाच्या वेगानं, आपली आपण, वाघोबापुढे जाऊन थांबली. शाल पांघरून उभ्या असलेल्या संगीताला एक पाऊल मागे सरावं लागलं.

"बोलावलं!" ती दार उघडत ओरडली, आणि आत गोविंदरावांना बघून शाल सारखी करत म्हणाली, "काका तुम्ही पण?"

"रस्ता बघायला आलेत," पुतळी म्हणाली. "बस, त्यांच्या मांडीवर जागा हाय."

त्या दिवशी गोविंदरावांनी रस्ता बघितला. उधव्याच्या नाक्यावर "चिकूवाल्या ताईचे मिस्टर का?" असं त्यांना दोघातिघांनी विचारलं आणि त्यांनी हो म्हटलं. दुपारी ते पेट्यांमागे बसून चिकू देत होते आणि पिकलेला कुठला, उद्याला कुठला, हे गिऱ्हाइकाला गुजरातीत समजावत होते. दगडही त्यांनी बघितले. "आहेत," ते म्हणाले. "पण चुकवण्यासारखे आहेत."

संध्याकाळी चारोटी मागे पडलं, रानशेत मागे पडलं, आणि आकडा लाल झाला नाही. दिवाळीत उरायची तेवढी बॅटरी उरणार नव्हती. थंडी आपलं थोडं घेत होती, माणूसही एक जास्त होतं. पण भाजीपुरती होती. डहाणूत उतरताना योगितानं फोन काढला आणि गाडीबाहेर उभी राहूनच बोलली, "जीवनदादा, उद्या माझी वाट बघू नका. हो, तिघींचीही." मग आत वाकून म्हणाली, "येते काकी. उद्या तिथंच."

जतीनला फोन गोविंदरावांनी केला. वापीच्या माणसाला येऊ नको म्हणून सांग, एवढंच ते म्हणाले. कारण विचारल्यावर "तुझ्या आईला विचार" म्हणून त्यांनी फोन तिच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी पहाटे हिरकणी चिकूच्या खोलीत गेली तेव्हा बॉनेटवरची गोधडी जागेवर नव्हती. ती व्यवस्थित घडी घालून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवलेली होती. गोविंदराव मीटर लावून चौथं चाक बघत होते.

"कडक हवेचे गचके बसतील," ते न बघता म्हणाले. "त्यावर बस."

ती बसली. गोधडीमुळे ती जरा उंच झाली होती. तिनं हात वर करून आरसा पुन्हा बेतानं लावून घेतला, आणि मागचं सगळं नीट दिसायला लागल्यावर म्हणाली, "जाते."

"जा," ते म्हणाले, आणि खोलीचं दार पूर्ण उघडून धरलं.